डॉक्टरांनी दोनदा विचारलं

आई दोरीवर कपडे वाळत घालत होती. नऊ वर्षांची ठमी पायरीवर बसूनच चिमटे पुढे करत होती.

"उठून दे की गं, महाराणी!"

"आई, दम लागतो."

दोन दिवस उलट्या आणि थोडा ताप होता. दुपारी ठमीचे हातपाय गार पडले.

सात महिन्यांपूर्वी शाळेतल्या तपासणीत तिचं हृदय मोठं झालेलं निघालं होतं. आजीने तो कागद कपाटात कुलूपबंद केला. "हिला कोण करून घेईल? धाकटीलाही बट्टा लागेल." औषधाचा दुकानदार ओळखीचा, तो चारचौघांत बोलेल म्हणून औषधही महिन्याभरात बंद झालं. बापाने कपाटाची किल्ली आजीकडेच राहू दिली.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी ठमीचं नख दाबून सोडलं. रंग परतायला फार वेळ लागला.

"आधीचा काही आजार? हृदयाचा?"

"छे! घोड्यासारखी पळते," आजी म्हणाली.

बाईंनी आईकडे वळून पुन्हा विचारलं. आईने सासूकडे पाहिलं आणि नाही म्हणून मान हलवली.

उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं असेल असं धरून बाईंनी सलाईन लावलं. थोडं देऊन पोट चाचपलं, छाती ऐकली. सुकलेलं मूल अशाने सावरतं, नाडी शांत होते. ठमीची नाडी आणखी धावू लागली. यकृत फासळ्यांखाली उतरलं होतं, छातीत बुडबुडे वाजत होते.

"सलाईन बंद करा!"

सोनोग्राफीच्या पडद्यावर फुगलेलं हृदय जेमतेम हलत होतं.

"हे आजचं दुखणं नाही," बाई म्हणाल्या. "सांगितलं असतंत तर आधी हृदयाचं औषध लावलं असतं."

तेव्हा आईने सगळं सांगितलं. औषध लावलं, श्वासाचं यंत्र लावलं. संध्याकाळी ठमी गेली.

तिसऱ्या दिवशी माणसं भेटायला आली. आजी सांगत होती, "ताप डोक्यात गेला हो."

आई आतून बाहेर आली. "ताप नाही. तिचं हृदय आजारी होतं. सात महिने आम्हाला माहीत होतं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मीही खोटं बोलले."

आत्याने तिचा दंड धरला. "गप बस गं! धाकटीचं लग्न व्हायचंय अजून."

"उद्या धाकटीला तपासायला नेतेय," आई म्हणाली. "जे निघेल ते असंच चारचौघांत सांगेन."

बाप इतका वेळ भिंतीला टेकून बसला होता. आजीने त्याच्याकडे पाहिलं. त्याने पाहिलं नाही.

"किती वाजता निघायचं?" त्याने बायकोला विचारलं.