खंडेनवमीची घासणी

मी एक जुना प्रोब आहे, मित्रांनो. पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजणारा. बोटाएवढी माझी कांडी, टोकाला कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ पडदा आणि आत चार थेंब द्रावण. कुरकुंभजवळ संपतच्या शेततळ्यावर मी दोन वर्षं राबतो आहे. तळ्यात दोन हजार रोहू. माझा आकडा चारच्या खाली आला, की संपतची बायको सुलक्षणा एरेटर लावते आणि पाण्यात हवा भरते. रोज ती मला गोड्या पाण्यात विसळते, मऊ फडक्याने टिपते, ओल्या टोपीत ठेवते. तान्ह्या बाळाची टाळू पुसावी तसा तिचा हात.

गेल्या खंडेनवमीला मात्र ती माहेरी, शिरूरला होती. हत्यारांची पूजा तिच्या सासूबाई, धुरपदाबाई करत होत्या. विळे, खुरपी घासून झाल्यावर त्यांनी मला उचललं.

"चार दिस सूनबाई न्हाई, तर केवढं शेवाळ धरलं! तुला बी लख्ख करते, बाबा."

तारेच्या घासणीने त्यांनी मला मायेने घासलं. सुईच्या टोकाएवढा पडदा फाटला. मग झेंडूचं फूल वाहिलं, हात जोडले. मी ओरडणार कसा?

माझा आकडा सहावर अडकला. तिसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं, वारा पडला. पाण्यातला प्राणवायू घटत चालला. सकाळी कारखान्यातल्या शिफ्टला निघालेला संपत डोकावला.

"सहा हाय. काय काळजी न्हाई," म्हणत त्याने गाडीला किक मारली.

माझ्या खोट्या आकड्यावर दोन हजार जीव टांगले होते, आणि मी सहाच दाखवत होतो.

नऊच्या सुमारास सुलक्षणा आली, कडेवर लेक. रोहू वर येऊन तोंडं उघडमीट करत होते.

"आत्या, एरेटर लावा आधी!"

"अगं, सहा हाय म्हनला की संपत!"

"मासं बघा की, आत्या! लावा म्हणते ना!"

पाणी उसळलं. मग तिने मला उजेडाकडे धरलं.

"ह्याला कुणी घासलं?"

"म्या. पूजेला."

सुलक्षणा रागावली नाही. लेकीच्या गालावरून बोट फिरवत म्हणाली, "आत्या, ह्याचं कातडं असं हाय."

अकरा मासे गेले. बाकीचे दुपारपर्यंत खाली उतरले. मला नवा पडदा मिळाला, नवं द्रावण मिळालं; आत बुडबुडा राहू नये म्हणून तिने मला तीनदा टिचकी मारली. यंदाच्या खंडेनवमीला धुरपदाबाईंनी मला घासलं नाही; कुंकूही मला नाही, मला ठेवायच्या डबीला लावलं.

मित्रांनो, मला पुसा, पण हळू. आणि माझा आकडा दिवसभर हललाच नाही, तर एकदा तळ्याकडे बघा. मला चूक कळते. सांगता मात्र येत नाही.