मंगळवारचा स्विंग

“डोकं वर करू नकोस. चेंडू कुठे जातो ते मी बघते. तू फक्त गवत बघ.”

मोरॅगचं हे वाक्य नेटा इम्रीच्या कानात इतकं मुरलं होतं की काठी हातात घेतली की ते आपोआप ऐकू येई. मोरॅग तिची नणंद. भाऊ गेल्यावर वहिनी घरात कोंडून बसू नये म्हणून तिनेच नेटाला पिटहेवनच्या गोल्फच्या मैदानावर ओढून नेलं, काठी कशी धरायची ते शिकवलं आणि पुढे आपली जोडीदारीण करून घेतलं. नेटा मनापासून गवत बघत राहिली आणि चेंडू मनापासून उजवीकडे, काटेरी झुडपांत जात राहिला.

आमच्याकडे पिटहेवनला सप्टेंबरात शेजारच्या क्रेगनेस गावच्या बायकांशी सामना होतो. एका जोडीला एकच चेंडू, दोघींनी आळीपाळीने मारायचा. तुझी चूक माझ्या वाट्याला, माझी तुझ्या. म्हणून या खेळात एक गोष्ट वर्ज्य आहे: जोडीदारणीला ‘माफ कर’ म्हणायचं नाही. एकदा सुरुवात केली की त्याला अंत नाही, असं जुन्या बायका सांगत.

गेल्या वर्षी शेवटच्या खेळीला नेटाने चेंडू थेट खडकांवर घातला आणि हातातला सामना गेला. मोरॅग नुसती म्हणाली, “समुद्राला भूक लागली होती वाटतं.” त्यानंतर तिची कंबर बिघडली. शस्त्रक्रियेची तारीख ठरली, सामन्यानंतर लगेचची. पुढच्या वर्षी ती खेळेल की नाही, कुणाला ठाऊक. नेटाला वाटलं, एकदा, एकदाच, तिला जिंकवावं.

शिकायचं तर कुणाकडे? ‘तू शिकवलेलं जमत नाही’ हे मोरॅगच्या तोंडावर म्हणायची नेटाची छाती नव्हती. नेटा मुळात हळू बोलणारी बाई. रोज पहाटे स्तोत्र वाचल्याशिवाय कुणाशी शब्दही न बोलण्याचं तिचं व्रत. अशा बाईने एक सोपी वाट काढली. क्रेगनेसच्या देवळात मंगळवारी दुपारी पाच म्हाताऱ्यांची प्रार्थनासभा भरते. “तिकडे जाऊ म्हणते,” ती मोरॅगला म्हणाली. “पण माझ्या आईला एकटं कसं सोडू?”

“मी बसते तिच्यापाशी. जा की,” मोरॅग म्हणाली. तिचा देवाशी फारसा संबंध नव्हता. नाताळात एकदा जाऊन ती वर्षभराचं उरकून घेई. दारातून परत वळून, बुटाकडे बघत ती पुटपुटली, “जातेच आहेस तर... माझ्या कंबरेसाठीही एक शब्द टाक तिथे.”

नेटा मंगळवारच्या बसने क्रेगनेसला उतरली. पिशवीत बायबल होतं. देवळाच्या बाजूच्या दाराशी ती थांबलीदेखील. मग मैदानाच्या शेडकडे वळली, जिथे तिथला शिक्षक डेव्ही काठी घेऊन उभा होता.

“इम्रीबाई, डोकं असं खिळ्यासारखं ठोकलंत तर अंग फिरणार कुठून?” पहिल्याच दिवशी तो म्हणाला. “काठी वर गेली की क्षणभर थांबा. घाई कुणाला आहे? मग येऊ द्या खाली. आणि चेंडूबरोबर डोकंही वर येऊ द्या.”

नेटाने थांबून मारला. चेंडू सरळ गेला. त्याचा आवाज इतका स्वच्छ होता की तिला रडू आलं. मग दर मंगळवारी ती तेच करू लागली आणि देवळाच्या दारावरून जाताना रस्त्याची दुसरी बाजू धरू लागली. पहाटे स्तोत्र वाचताना जीभ अडखळे. संध्याकाळी मोरॅग विचारी, “मग, काय म्हणतात म्हाताऱ्या?” आणि नेटा म्हणे, “बऱ्या आहेत.”

सामन्याच्या दिवशी पश्चिमेचा वारा होता. समोर क्रेगनेसची सेंगा डोइग आणि तिची भाची. पहिला फटका नेटाचा. तिने काठी वर नेली, क्षणभर थांबली आणि मारला. चेंडू वाऱ्याखालून सरळ, लांब गेला.

मग सेंगा मोठ्याने हसली. “अगं बाई! हे तर आमच्या डेव्हीचं थांबणं! आमच्या गावात लहान पोरीसुद्धा अश्शाच थांबतात. तरीच मंगळवारी शेडपाशी तुझ्यासारखी कुणीतरी दिसायची. मला वाटलं, पिटहेवनवाल्या आमच्याकडे पाय ठेवतील कशाला!”

“मंगळवारी?” मोरॅगने विचारलं.

तेवढंच. आवाज चढला नाही. नेटाचा चेहरा कानापर्यंत तापला.

“मोरॅग, मी—”

“मैदानावर ते नाही,” मोरॅग म्हणाली आणि लंगडत चेंडूकडे चालू लागली.

पुढचा सगळा वेळ ती दोघींच्या चेंडूमागे गेली, पण नेटाच्या शेजारून नाही. दर खेपेला नेटाचा फटका उत्तम बसे आणि दर खेपेला ती जागच्या जागी लहान होई. एखादा तरी वाकडा जावा, असं तिला वाटू लागलं. मुद्दाम वाकडा मारावा असंही मनात आलं. पण तो आणखी एक खोटेपणा झाला असता. मोरॅगने कंबर दाबत जवळचे फटके असे घातले की सेंगाही “वा गं म्हातारे!” म्हणाली. शेवटच्या भोकापर्यंत जायचीही वेळ आली नाही. त्याआधीच नेटा आणि मोरॅग जिंकल्या. हात मिळवताना बायकांनी नेटाची पाठ थोपटली. त्या थापा तिला सोसवेनात.

सगळ्या गरम सूपसाठी आत गेल्या. मोरॅग बाहेरच्या बाकावर बूट सोडत बसली. वाकता येईना, म्हणून नेटा गुडघ्यावर बसून तिची नाडी सोडू लागली. मोरॅगने पाय मागे घेतला नाही.

“चांगलं मारलंस,” ती म्हणाली. “मी इतकी वर्षं तुझं डोकं खाली दाबून धरलं. सांगायचं होतंस, चार शिव्या घातल्या असत्या आणि बसचे पैसे दिले असते.”

“माफ कर.”

“त्याचं नाही गं.” मोरॅग समुद्राकडे बघत होती. “मला एवढंच सांग. माझ्यासाठी शब्द टाकलास तिथे?”

घरी रोज करत होते, असं म्हणता आलं असतं. ते खरंही होतं. पण ओठावर आलेलं नेटाने गिळलं.

“नाही. मी त्या खोलीत पाऊलही ठेवलं नाही.”

मोरॅगने मान हलवली. “मी डॉक्टरला ऐटीत सांगून आले. म्हटलं, भीती कसली, माझ्यामागे क्रेगनेसच्या पाच म्हाताऱ्या आहेत. हसला तो.” मग तीही हसली, पण हसू अर्ध्यातच राहिलं. “येत्या मंगळवारी दुपारीच नेणार आहेत आत. मला भीती वाटते, नेटा.”

“मी जाईन.”

“काय करायला?”

“बसायला. आणि इतके दिवस दारावरून का गेले, तेही त्यांना सांगेन.”

“ते मला नको सांगूस. जाशील तेव्हा बघू,” मोरॅग म्हणाली. तिने पिशवी स्वतःच उचलली आणि सूपसाठी आत गेली.

मंगळवारी शेजारीण आईपाशी येऊन बसली. नेटाने कोट चढवला, डोक्याला रुमाल बांधला.

“कुठे गं?” आईने खुर्चीतून विचारलं.

“क्रेगनेसला, प्रार्थनेला.”

“त्यात काय सांगायचं? दर मंगळवारी तर जातेस.”

शेजारणीसमोर नेटाची मान खाली गेली. क्षणभर ती उंबऱ्यातच उभी राहिली.

“नाही आई,” ती हळूच म्हणाली. “आज पहिल्यांदा जाते आहे.”

आणि दार अलगद ओढून घेऊन ती बसथांब्याकडे चालू लागली.