ठिणगीचा हातमोजा

सुपरहिरोंच्या सिरियलींवर धम्मपालची मतं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. विमा कंपनीत दिवसभर ‘हो साहेब, करतो साहेब’ करणारा हा माणूस फोन हातात आला की थेट न्यायाधीशच व्हायचा. ‘नवरक्षक’ ही त्याची लाडकी सिरियल. त्यातला महाकवच खरा हिरो, कारण त्यानं अकरा वर्षं प्रयोगशाळेत घासून स्वतःचं कवच बनवलं. गगनराज उडतो झकास, पण डोक्यानं मठ्ठ. आणि ठिणगी? तिचं नाव निघालं की याचं डोकंच फिरायचं.

‘वस्तीतली पोर, लाइनमनची मुलगी. खांबाला चिकटली, धक्का बसला आणि झाली हिरोईन! ना अभ्यास, ना ट्रेनिंग. बापाचा रबरी हातमोजा घालून बसनं जाते गुंडांना पकडायला. फुकटची पॉवर आहे यार ही!’ असं त्यानं ‘नवरक्षक अड्डा’ या ग्रुपवर लिहिलं होतं. खाली कृणालनं जोडलं, ‘कोट्यातून भरती झाली असणार.’ त्यावर साठ हसरे चेहरे पडले. त्यातला एक धम्मपालचा.

अंगठा चुकून पडला, असं तो स्वतःला सांगायचा. काय पण चुकून! स्वतः सवलतीवर शिकलेला माणूस. पण ग्रुपवर तो नुसता ‘डीपी’ होता. पूर्ण नाव कोणी विचारलं नाही, यानंही कधी सांगितलं नाही. तिथे त्याला गुरू म्हणायचे, आणि त्याला ते फार गोड लागायचं.

घरी, भांडुपला, वेगळंच चाले. त्याचे वडील भाऊराव रिटायर्ड लाइनमन. पडद्यावर ठिणगी आली की म्हातारा खुर्चीत पुढे सरकायचा. “मोजा घातल्याशिवाय हात लावत नाही, बघितलंस? आपल्यातली आहे पोरगी.” शेजारी नात मीरा, वय वर्षं दहा, नुसती मान डोलवायची. धम्मपाल तोंडात आणखी एक घास कोंबायचा.

सिरियल संपली तेव्हा अड्ड्यानं अंधेरीतल्या एका हॉटेलचा वरचा मजला रविवारी दुपारी घेतला, आवडत्या पात्राच्या पोशाखाची स्पर्धाही ठेवली. मीरानं हट्टच धरला. प्रियंका म्हणाली, “घेऊन जा ना तिला. नेहमी तुमचं एकट्याचंच काय?” बायकोपुढे बोलायची सोय नव्हती. मीरा साधा निळा फ्रॉक घालून निघाली, तेव्हा त्याच्या जिवात जीव आला. पाठीवर एवढी मोठी बॅग कशाला, हे मात्र विचारायचं राहून गेलं.

हॉटेलात पोचल्या पोचल्या गुरूच्या भोवती घोळका झाला. मीरा बाथरूमला जाऊन येते म्हणाली. इकडे कृणालनं टाळी मागितली. “गुरू, ती ठिणगीची पोस्ट वाचून दाखवा ना! सगळ्यांना ऐकायचीय.” धम्मपाल खुर्चीवर चढला आणि फोन काढून वाचू लागला. ‘फुकटची पॉवर’ला शिट्ट्या पडल्या. ‘कोट्यातून’ हे कृणालनं खालून ओरडून पुरं केलं आणि अख्खा मजला हसला. धम्मपालही हसला.

तेवढ्यात दारात ठिणगी उभी. रेनकोट कापून शिवलेलं पिवळं जाकीट, आणि उजव्या हातात पार खांद्यापर्यंत चढवलेला, जुना, तळव्याला ठिगळ लावलेला रबरी हातमोजा. भाऊरावांचा. तो हातमोजा धम्मपालनं लहानपणापासून दाराच्या खिळ्याला बघितला होता. त्याला हात लावला की मार मिळायचा. म्हाताऱ्यानं तो आपणहून काढून दिला होता.

“आयला! ही कोणाची?” कृणाल म्हणाला. “गुरू, तुमच्याबरोबर आली ना?”

सगळे धम्मपालकडे बघायला लागले. एक शब्द पुरला असता. ‘माझी.’ बस्स. पण खुर्चीवर उभ्या माणसाची जीभ टाळूला चिकटली, आणि सुटली ती भलतंच बोलून गेली.

“शेजारची आहे रे. बिल्डिंगमधली. मागेच लागली, म्हणून आणली.”

मीरानं ऐकलं. ऐकलंच. दारापासून खुर्ची अशी कितीशी लांब?

ग्रुपमधली भाविका मात्र पोरीजवळ जाऊन गुडघ्यावर बसली. “किती मस्त दिसतेस गं! नाव काय तुझं?”

“मीरा.”

“पूर्ण नाव?”

पोरीनं एकदा बापाकडे बघितलं. धम्मपालला वाटलं, आता सांगते. नंतर वाटलं, सांग गं बाई, सांगून टाक.

“नुसतं मीरा,” ती म्हणाली.

“आणि हा मोजा खरा आहे?”

“माझ्या आजोबांचा. ते खांबावर चढायचे. त्यांना कोणी फुकट नाही चढवलं, शिकावं लागायचं आधी.”

कोणी हसलं नाही. पोशाखाचं पहिलं बक्षीस तिलाच मिळालं. नेमका महाकवचचा पुतळा. फोटोसाठी भाविकानं विचारलं, “कोणाबरोबर उभी राहतेस?” मीरा म्हणाली, “एकटीच.” धम्मपालला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. पण जमीन कुठली, खाली हॉटेलचं किचन होतं.

ते दोघं लवकर निघाले. बसस्टॉपवर तिनं जाकीट घडी करून बॅगेत ठेवलं, पुतळाही कोंबला. हातमोजा तेवढा हातात धरला. धम्मपाल तिच्याजवळ सरकला. शेवटी म्हणाला, “मीरा, ऐक ना. मी मघाशी...”

“काका, बस आली,” ती म्हणाली आणि चढली.

त्या एका शब्दानं तो असा सोलून निघाला, की पाय उचलायचंही भान राहिलं नाही. मागच्या बाईनं “चला ना ओ!” म्हणून ढकललं, तेव्हा चढला. मीरा खिडकीशी बसली होती. तो शेजारी टेकला. हातमोजा तिनं दोघांच्या मधे, सीटवर ठेवला.

कंडक्टर आला. “एक फुल, एक हाफ,” धम्मपाल म्हणाला.

कंडक्टरनं उंच पोरीकडे बघून भुवई उचलली. “हिचं हाफ?”

“माझी मुलगी आहे ही!” धम्मपाल ओरडला. केवढ्यानं ओरडला! पुढच्या माना वळल्या, ड्रायव्हरनं आरशात बघितलं. “माझी मुलगी आहे. मीरा धम्मपाल...”

“अहो, असेल ना,” कंडक्टर म्हणाला. “मी वय विचारतोय.”

“दहा,” खिडकीबाहेर बघत मीरानंच सांगितलं.