चापट खाणारा बाक

मित्रांनो, मी एक जुना, बुटका लाकडी बाक आहे. दाराची फळी उरली म्हणून सुताराने मला घडवलं आणि घाईत माझे कोपरे घासायचे राहून गेले. तेव्हापासून मी दाराशीच असतो. माझ्यावर बसून लोक बूट घालतात, भाजीची पिशवी टेकवतात, बल्ब बदलायला उभे राहतात.

आणखी एक काम मला आजींनी दिलं. मूल कुठेही आपटलं, की त्या त्याला कडेवर घेत आणि मला चापट मारत. "हात मेल्या! आमच्या सोन्याला मारतोस?" मूल गप्प. कधी कधी मूल पडलेलं असे स्वयंपाकघरात आणि मार मला दाराशी. माझी तक्रार नव्हती. लाकडाला चापट लागत नाही, आणि रडणं तर थांबत होतं. अशाच चापटींवर आजींचा मुलगा मोठा झाला. आता त्याची मुलं मोठी होत होती: शाळेत जाणारा दादा आणि नुकतीच पळायला लागलेली चिमी.

एकदा अंघोळ झाल्या झाल्या चिमी ओल्या पायांनी पळत सुटली, घसरली आणि तिचं कपाळ माझ्या कोपऱ्यावर आदळलं. आधी काहीच आवाज नाही. मग श्वास भरला आणि टाहो फुटला. मुलांची आई धावत आली, पण तिने आरडाओरडा केला नाही. फरशीवरच बसून तिने चिमीला मांडीवर घेतलं, रक्त नाही ना ते पाहिलं आणि गार पाण्यात पिळलेला रुमाल टेंगळावर, न चोळता, नुसता धरून ठेवला.

तेवढ्यात आजी आल्या आणि मला सणसणीत चापट बसली. चिमी थांबली. मग तिनेही हात उगारला, "हात मेल्या," आणि माझ्या कोपऱ्यावर असा आपटला की तळवा लालबुंद. कपाळ राहिलं बाजूला, आता हातासाठी रडणं सुरू. आजींनी मला पुन्हा मारलं.

"अहो आई, किती माराल त्याला?" मुलांची आई म्हणाली. नंतर दिवसभर ती चिमीवर लक्ष ठेवून होती. उलटी नाही, गुंगी नाही, खेळणं नेहमीसारखं.

नेहमीसारखं म्हणजे संध्याकाळी ती पळता पळता दादावर धडकली आणि तिने त्याच्या गालावर फाडकन दिली. "हात मेल्या." आजींना हसू फुटलं. दादाचे डोळे भरले.

"मी काय बाक आहे?" तो म्हणाला.

मग कोणी हसलं नाही.

"हा बाकच भंगारात देऊ," बाबा म्हणाले. "सगळी कटकट त्याची आहे."

"बाक दिला की उद्या कपाट, परवा भिंत," आई म्हणाली. "त्यापेक्षा कोपरे घास. आणि न्हाणीघराबाहेरचं पायपुसणं जागेवर टाक, ते अजून दोरीवरच आहे."

"आणि रडणं थांबवायचं कसं, तेही सांग," आजी म्हणाल्या.

"थोडं रडू द्यायचं. लागलंय तिला."

आजी दादाला जवळ ओढून म्हणाल्या, "तू बाक नाहीस रे राजा."

बाबांनी पॉलिशपेपरने माझे कोपरे गोल केले. इतक्या वर्षांनी मी पुरा झालो.

पुढे एकदा चिमीचा गुडघा उंबऱ्यावर आपटला. आजींचा हात वर गेला. मी अंग आखडलं. हात जरा वेळ हवेतच राहिला. मग आजी माझ्यावर बसल्या, चिमीला मांडीवर घेऊन म्हणाल्या, "लागलं ना गं? रड हो." चिमी पोटभर रडली. चापटीने रडणं जितक्यात थांबायचं, त्यापेक्षा बराच जास्त वेळ लागला. मग ती आपणहून उतरली आणि गुडघ्यावरचा ओला रुमाल घेऊन दादाकडे निघाली. दादाने आधी गाल झाकला. तिने त्याचा हात बाजूला केला आणि रुमाल त्याच्या गालावर ठेवला.

मित्रांनो, कोणाला लागलं तर मारायला कोणी शोधू नका. आमचे कोपरे घासा, ओली फरशी पुसा. आणि रडणाऱ्याला घेऊन आधी बसा. बसायला आम्ही आहोतच.