पाराग्वेचा भूकंप

मासळीबाजाराच्या शेडखाली मुंगी शिरायला जागा नव्हती. डॉन एलेउतेरियोने, म्हणजे आमच्या एलेउतेरियोरावाने, डोळे मिटून ओल्या वाळूत हात खुपसला आणि तो गरजला, “तीन दिवसांत जमीन हलेल! उत्तरेला, नाहीतर दक्षिणेला!”

दुसऱ्याच दिवशी उत्तरेला हलली. बायका त्याचे हात धरून रडल्या. आमचा चिली देश पडवळासारखा लांबट. पूर्वेला डोंगर, पश्चिमेला समुद्र. उत्तर-दक्षिण सोडून हलायला उरलंय काय? पण सांगायचं कुणाला!

माझी आईही त्याच्या नादी लागली. तिचं घर अगदी किनाऱ्यावर. भूकंपानंतर टेकडी गाठायची म्हणून दाराशी तिची पिशवी कायम भरलेली असायची. परवा पाहते तर रिकामी.

“आता कशाला गं? लाट येणार असली तर डॉन आधी सांगतील.”

“आणि नाही सांगितलं तर?”

“मास्तरीण झालीस म्हणून देवमाणसाला शिकवू नकोस!”

माझं डोकंच फिरलं. रविवारी शाळेतला जगाचा नकाशा शेडमध्ये नेऊन टांगला. वर्षभरातल्या प्रत्येक मोठ्या भूकंपाच्या जागी माझ्या वर्गाने मसुराचा एकेक दाणा चिकटवला होता. दाण्यांच्या रांगाच्या रांगा लागल्या होत्या. आमचा किनारा तर मसुराखाली झाकून गेला होता.

“पृथ्वीचं कवच अखंड नाही, त्याचे तुकडे आहेत,” मी म्हणाले. “ते जिथे एकमेकांना भिडतात, तिथेच हे दाणे. आपल्याकडे समुद्राखालचा तुकडा जमिनीखाली घुसतोय, म्हणून इथे रोज कुठे ना कुठे हलतंच. डॉन, हा पाराग्वे देश बघा. एकही दाणा नाही. तिथला भूकंप सांगा की!”

तो चाचरला. “तिथली माती... माझ्याशी बोलत नाही.”

लोक हसले. तेवढ्यात पत्रे खडखडले, नकाशा खाली आला, उभं राहणं मुश्कील झालं. धक्का थांबला, तरी गर्दीत उभी असलेली आई जागची हलेना. “थांब, डॉन काही बोलले नाहीत अजून.”

“तुझे डॉन कुठेत ते बघ!”

डॉन केव्हाच टेकडीच्या अर्ध्यावर पोचले होते.

आईला अक्षरशः ओढत वर नेलं. लाट आली नाही, नशीब. वर पाहते तर निम्मे लोक पुन्हा त्यालाच घेरून विचारत होते, “आता पुढचा कधी?” मला रडू आलं. अरे, भूकंप कधी होणार हे आधी कुणालाच सांगता येत नाही! पायाखाली जोरात हललं की तोच इशारा. कुणाला विचारत बसू नका, चढ चढायला लागा.

आई धापा टाकत दगडावर बसली होती. तिने रिकाम्या हातांकडे पाहिलं. म्हणाली, “माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या त्या पिशवीत असायच्या गं.”