सांगणाऱ्याचा वाटा

समीक्षाने सासूच्या हनुवटीवरचा फेस ओल्या फडक्याने पुसला. फेसात हळद होती, कुंकू होतं, अंगाऱ्याची राख होती, आणि सगळ्याचा मिळून एक आंबूस वास येत होता. फडकं बादलीत पिळलं तसं पाणी गढूळ तांबडं झालं. दर अमावास्येला हे काम तिच्याकडे असायचं आणि दर अमावास्येला तिला किळस यायची. सासूची नाही. बाहेर ओटीवर मांडी घालून जो माणूस या वेळी कोंबड्याची तंगडी ओरपत होता, त्याची.

"काय बोलले गो मी?" रंगूबाईंनी विचारलं. ओरडून ओरडून आवाज फाटला होता.

"मला नाही समजलं, आई."

हे उत्तर ठरलेलं होतं. पोलादपूर सोडून आंबेनळी घाटाच्या दिशेने निघालं की डोंगराच्या कुशीत जी वाडी लागते, तिथे काळकाय देवी ज्याच्या अंगात येते त्याला झाड म्हणतात. काळकाय येते, झाडावर बसते, बोलते आणि जाते. काय बोलली ते झाडाला कुणी सांगायचं नाही. सांगितलं तर पुन्हा देवीचं वारं अंगात येत नाही, असा समज. रंगूबाई लग्नानंतरच्या पहिल्या शिमग्यापासून झाड होत्या, म्हणजे उभा जन्म त्यांच्या तोंडून काय काय बाहेर पडलं ते त्यांना सोडून सगळ्या वाडीला ठाऊक होतं.

खरं तर त्या बोलत नसतच. घुमायच्या, हुंकार द्यायच्या, मधूनच 'पानी… पान… पाड' असं काहीबाही तुटक निघायचं. त्याचा अर्थ कळायचा एकट्या भागोजीला, त्यांच्या नवऱ्याला. भागोजी भगत. बायको घुमणार, नवरा सांगणार. सांगून झालं की केळीच्या पानावर भाताचा पहिला वाटा भगतापुढे ठेवायचा, त्यावर तूप आणि तंगडी. तो वाटा त्याने खाल्ला की शब्द पक्का. नाही खाल्ला तर सांगितलेलं रद्द. एकदा म्हणे भागोजीला जोराची कावीळ झाली होती, तरी त्याने डोळे मिटून सगळा भात गिळला. वाडी ती गोष्ट अजून सांगते, आणि सांगताना कुणालाही हसू येत नाही.

"तू शिकलेली," रंगूबाई भिंतीला टेकून म्हणाल्या. "भगत म्हंजे काय गो?"

समीक्षा पोलादपूरच्या शाळेत मराठी शिकवायची. या घरात आल्यावर चीड आली म्हणून तिने तो शब्द शोधून काढला होता.

"भक्तावरून भगत. आणि भक्त म्हणजे मुळात वाटून दिलेला हिस्सा. वाटा. आपण भात म्हणतो ना, तोही त्याच शब्दातून आलाय."

रंगूबाई दात नसलेल्या बाजूने हसल्या.

"म्हंजे तुझा सासरा बरोबर नावाचा हाय."

"आणि झाड म्हणजे?" समीक्षाने विचारलं.

"झाड म्हंजे झाड. पाखरू येतं, बसतं, घान करून उडून जातं. झाडाला कोन इचारतं?" त्यांनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनीच म्हणाल्या, "परवा बिरवाडीच्या बाजारात बया दिसली. मी हाक मारली. थुकली गो ती. माझ्याकडं बघून थुकली."

समीक्षाच्या हातातलं फडकं थांबलं.

बयाबाई आणि रंगूबाई दोघी नात्याच्या, माहेरच्या एकाच आळीतल्या. एकाच साली लग्न होऊन या वाडीत आल्या. बयाबाई विधवा झाली तेव्हा रंगूबाई तिच्या घरी निजायला जायच्या. मग एक दिवस बयाबाई वाडी सोडून गेली. मुलाला, रितेशला, कंपनीत काम लागलं म्हणून बिरवाडीला खोली घेतली, असं रंगूबाईंना सांगण्यात आलं होतं.

"येवढं काय केलं मी तिचं?"

ज्या साली गोठ्यागोठ्यात जनावरं मेली, त्या साली रंगूबाई 'पाड, पाड' करत घुमल्या होत्या. भागोजीने गावाला सांगितलं, पाडसं खाणारी बया आहे. भुताळी आहे. वाटा खाल्ला. शब्द पक्का झाला. त्याच रात्री, रंगूबाई अजून ग्लानीत असताना, लोकांनी बयाबाईचं अंथरूण, भांडीकुंडी रस्त्यावर आणून टाकली. दुसऱ्या महिन्यात तिच्या घरात भागोजीचा पेंढा भरला गेला. घर रिकामं कशाला ठेवायचं? हे सगळं समीक्षाला नवऱ्याने, साहिलने, लग्नानंतर सांगितलं होतं, इतक्या सहज की जणू कुणाची म्हैस विकली. कायदा आहे, तक्रार करू, असं ती म्हणाली तेव्हा तो म्हणाला, "आबांना आत टाकशील. आनि साक्ष कोन देनार? आई?"

बाहेर भागोजीने मोठ्याने ढेकर दिली.

"आई," समीक्षा म्हणाली, "तुम्ही काय बोललात ते सांगते."

तिने सगळं सांगितलं, जनावरं, भुताळी, अंथरूण, पेंढा. काही लपवलं नाही आणि काही मऊ केलं नाही. रंगूबाई ऐकत राहिल्या. रडल्या नाहीत. उठून न्हाणीत गेल्या आणि चूळ भरू लागल्या. एक चूळ, दुसरी चूळ. हंडा अर्धा झाला तरी त्या तोंड धूतच होत्या.

पुढच्या अमावास्येला रितेश आला. आईला घरी परत यायचंय, एवढंच त्याचं म्हणणं. तिथे पत्र्याच्या खोलीत तिला श्वास लागतो. गावकीने त्याला हाकललं नाही, आत बोलावलंही नाही. गावकीतर्फे जानू गावकर म्हणाला, "आपन काय सांगनार? काळकायला इचारू. ती हो म्हनली तर आमी कोन नाय म्हननारे?" रितेश देवळाच्या पायरीखाली उभा राहिला, कंपनीचा निळा शर्ट घालून, हातात चपला.

ढोल सुरू झाला. धुराने डोळे चुरचुरू लागले. रंगूबाई केस सोडून पाटावर बसल्या. दर वेळी ढोलाची लय वाढली की पहिल्या घाईलाच त्यांची मान डोलायला लागायची. आज ढोलवाल्याचे दंड भरून आले तरी त्या ताठ बसलेल्या. मग त्यांनी हात वर केला आणि ढोल थांबला.

"माझ्या अंगात कोन नाय," त्या म्हणाल्या. आवाज रोजचा, चुलीपुढचा. "मी रंगू बोलते. बयानं कुनाचं काय खाल्लं नाय. तिला तिच्या घरी येऊ द्या."

कुणीही हललं नाही. इतकं स्वच्छ मराठी, शाळेतल्या पोरालाही कळेल असं. आणि सगळ्या माना वळल्या त्या भागोजीकडे. बाई बोलली होती, आता अर्थ कळायचा होता.

भागोजीने मिशीवरून हात फिरवला.

"ऐकलात? अंगात कोन नाय म्हनते. म्हंजे रुसली. बयाचं नाव निघालं तशी काळकाय रुसली."

"रुसली नाय! मी बोलतेय, मी!" रंगूबाई पाटावरून उठल्या.

"बघा, बघा कशी खवळली!" भागोजी दोन्ही हात पसरून मागे सरला. "असं वारं मी जन्मात बघितलं नाय. मागं व्हा रे! झाडात देवी हाय तवर कोनी आडवं जायचं नाय, अंगाला हात लावायचा नाय!"

लोक भराभर हात जोडत मागे सरले. समीक्षा ओरडली, "अहो, त्या शुद्धीवर आहेत! ऐकू येत नाही का तुम्हाला?" साहिलने तिचा दंड धरला. जानू समजुतीने म्हणाला, "सूनबाय, झाड हलताना मधी बोलू नाय." माणूस वाईट नव्हता. त्याला खरंच ऐकू आलं नव्हतं. समीक्षाला वाटलं, तिथेच भडभडून ओकावं.

रंगूबाईंनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं. मग गर्दीकडे. मग मोकळ्या केसांनी पायऱ्या उतरल्या, रितेशच्या जवळून गेल्या आणि चालायला लागल्या. गर्दीने वाट दिली आणि मागोमाग निघाली. ढोलवाल्याला काय सुचलं कोण जाणे, त्याने चालता चालता पुन्हा ढोल धरला.

बयाबाईच्या घराशी येऊन त्या थांबल्या. दाराची कडी काढली. आतून उंदरांच्या लेंड्यांचा, कुजक्या गवताचा भपका आला. रंगूबाईंनी पेंढ्याचा एक भारा ओढला आणि अंगणात भिरकावला. मग दुसरा.

"अरे, माझा पेंढा…" भागोजी पुढे धावला आणि मधेच थबकला. त्याचेच शब्द गावाच्या कानात अजून ताजे होते. आडवं जायचं नाय.

"भगत," जानूने हात जोडूनच विचारलं, "काय म्हनते काळकाय?"

भागोजीने तोंड उघडलं. त्याची नजर पेंढ्यावरून घरावर, घरावरून बायकोवर गेली. काहीतरी रचत होता, पण ते जुळत नव्हतं. आणखी थोडा वेळ मिळाला तर जुळेल, हे समीक्षाला कळलं. मघाशी देवळातही जुळलंच होतं.

तिने साहिलचा हात झटकला.

"काळकाय म्हणते, घर मोकळं करा," ती वर्गातल्या मोठ्या आवाजात म्हणाली. जिभेवर कडू आलं. "म्हणते, ज्याचं घर त्याला द्या. बयाबाईला वाजतगाजत आणा."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. मग झाडाकडे. रंगूबाई पेंढ्यात गुडघाभर उभ्या होत्या, केसांत गवताच्या काड्या. त्यांनी सुनेकडे पाहिलं. आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांची मान डोलली. नरड्यातून हुंकार आला, लांब, घोगरा.

"खरं बोलली!" कुणीतरी ओरडलं. जानूने बाह्या सरसावल्या आणि भारा उचलला. त्याच्यामागून बाकीचे आले. रितेश अजून चपला हातात धरूनच उभा होता. त्या ठेवायच्या कुठे हे त्याला सुचत नव्हतं.

अंगण पेंढ्याने भरलं. घर झाडून झालं. देवळाशी पंगत बसली तेव्हा जानूच्या बायकोने केळीचं पान आणलं, भाताचा ढिगारा घातला, तूप ओतलं, वर तंगडी ठेवली. भागोजी सवयीने मांडी घालून बसला होता. पान त्याच्या पुढून गेलं आणि समीक्षापुढे आलं.

"सांगनाऱ्याचा वाटा," ती म्हणाली.

"मला नको," समीक्षाच्या तोंडून निघालं.

"असं कसं? खाल्लं नाय तर शब्द रद्द."

पंगत थांबली होती. पायरीखाली रितेश उभा होता. खांबाशी भागोजी. त्याचे डोळे पानावर होते, आणि तो किंचित हसत होता. मागे रंगूबाई ओलं फडकं घेऊन बसल्या होत्या. आपलं कोरडं तोंड त्या स्वतःच पुसत होत्या.

समीक्षाने घास घेतला. भात गरम होता, तूप ताजं होतं, आणि तिला तो तोंडात फेसासारखा लागला. तिने गिळला. दुसरा घेतला. लोकांच्या जिवात जीव आला, पानं वाढली जाऊ लागली.

जानूची बायको वाढता वाढता तिच्याजवळ वाकली, पदर सावरला आणि हलक्या आवाजात म्हणाली, "सूनबाय, आमच्या सेजलचं लगीन दोनदा मोडलं. कुनाची नजर हाय, तेवढं नाव सांगशील काय?"

समीक्षाच्या तोंडात भात होता. तो संपेपर्यंत तिला काही बोलावं लागणार नव्हतं. ती चावत राहिली.