टिकलीखालचा लाल दिवा

मी एक जुना लाल दिवा आहे. देव्हाऱ्यातला नव्हे आणि चौकातल्या सिग्नलचाही नव्हे. मित्रांनो, मोटार चालवणाऱ्याच्या समोर, वेगाच्या काट्याखाली बसलेला मी वाटाण्याएवढा ब्रेकचा दिवा आहे. माझी कहाणी ऐकण्याजोगी आहे का, याची मला शंकाच वाटते. जन्मभर मी बहुतेक विझलेलाच होतो. विझलेल्या दिव्याजवळ सांगण्यासारखे ते काय असणार? पण एके दिवशी मी हट्टाने पेटत राहिलो, तेवढे सांगतो.

कारखान्यात मला दोनच गोष्टी शिकवल्या गेल्या. हातब्रेक ओढलेला असेल तर पेटायचे, आणि ब्रेकच्या तेलाच्या डबीत तेल कमी झाले तर पेटायचे. एरवी गप्प राहायचे. माझ्या लाजऱ्या स्वभावाला हे काम मानवले.

आमची पांढरी व्हॅन दापोलीजवळच्या एका वाडीत आली ती १९८६ साली. मालक सहदेव मुंबईत टॅक्सी चालवून गावी परतला होता. त्याची बहीण तुळसा शेजारच्याच घरात राहायची. तिची मुलगी राही लहान असल्यापासून म्हणायची, "मामा, मी लग्नाला तुझ्याच गाडीतून जाणार हां!" तेव्हा मामाकडे साधी सायकलही नव्हती.

पुढच्याच वर्षी ते लग्न ठरले. नवरा मुलगा घाटाखालच्या, समुद्राकाठच्या गावातला. लग्नाच्या आदल्या दिवशी सहदेव चिपळूणहून साड्या आणि मुंडावळ्या घेऊन येत होता. एका वळणावर ट्रकमधून पडलेला जांभ्या दगडाचा चिरा रस्त्यात होता. सहदेवने चुकवायला पाहिले, पण पुढचे डावे चाक त्यावर आदळलेच. सगळी गाडी हादरली. त्याने खाली उतरून पाहिले. चाक गोल होते, टायर शाबूत होता. तो पुन्हा निघाला.

वाडीच्या अलीकडच्या उतारावर मी पेटलो. सहदेवने हातब्रेक ओढला, सोडला. मी पेटलेलाच. अंगणात गाडी उभी राहिली आणि मी विझलो.

शेजारचा बाबू मेकॅनिक आला. त्याने झाकण न काढताच डबीकडे पाहिले. डबीवर तेलाचा जुना पिवळा डाग होता, आणि डाग बाहेरून तेलासारखाच दिसतो. त्याने किल्ली फिरवली, हातब्रेक सोडून ब्रेक दाबून पाहिला, मला बोटाने टिचकी मारली. मी विझलेलाच.

"वायर हलली असंल दणक्यानं," बाबू म्हणाला. "तेल हाय, ब्रेक लागतोय. लगीन उरकू दे, मग बघू."

मित्रांनो, खोटे कशाला बोलू, मलाही तसेच वाटले. खरेच माझी वायर हलली असेल का? जाणती माणसे नाही म्हणतात, तर मी कोण होय म्हणणारा?

सकाळी गाडीला आंब्याच्या पानांचे टाळे आणि झेंडूच्या माळा बांधल्या. किल्ली फिरवताच हातब्रेकमुळे मी नेहमीसारखा उजळलो. तुळसा दचकली.

"अरे सहदेवा, लग्नाच्या गाडीत हा लाल डोळा कशाला वटारलायस? पोरीला दृष्ट लागंल!"

"बिघडलाय तो, आक्का."

"मग झाकून टाक." आणि तिने पाकिटातून एक मोठी टिकली काढून माझ्यावर चिकटवली. बाया हसल्या. "आता कसा सवाष्ण दिसतोय!"

मला अंधारी आली. पुढे मामाशेजारी नवरी बसली. मागे तुळसा, दाटीवाटीने बसलेल्या बाया आणि म्हातारे काशीरामकाका. गाणी सुरू झाली.

पहिला उतार लागला, आणि आत कुठेतरी तेल कलंडल्याचे मला कळले. डबीत तळाशी थोडेच उरले होते. मी पेटलो. टिकलीआड कुणाला दिसणार? सपाटी आली, मी विझलो. दुसरा उतार आला, पुन्हा पेटलो. पुढे घाट होता, एका बाजूला दरी होती, आणि गाडीत ही गाणारी माणसे होती. तेव्हा माझी शंका गेली असे मी म्हणणार नाही. शंका होतीच. पण शंका असली तरी पेटायचे, हे मी ठरवले. माझी वायर हलली असेल तर लोक हसतील. हलली नसेल तर?

घाटमाथ्याआधीचा उतार लांब होता. मी पेटत राहिलो, तापत राहिलो. माझ्यात ऊब ती केवढीशी! पण टिकलीचा गोंद हळूहळू पाघळला, आणि टिकली सुटून खिडकीतल्या वाऱ्याने शेजारी नवरीच्या मांडीवर जाऊन पडली.

घाटमाथ्यावर वाटेचा देव, राखणदार, याचे ठिकाण होते. नारळ ठेवल्याशिवाय तिथून कुणी खाली उतरत नसे. सहदेवने हातब्रेक न ओढता सपाट जागी गाडी उभी केली आणि मी विझलो. काशीरामकाकांनी नारळ धरून गाऱ्हाणे सुरू केले, "बा राखणदारा म्हाराजा, लेक सासरी चाललीय. वाटेत काय आडवा असंल तर दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले.

राही मात्र टिकली बोटावर घेऊन माझ्याकडेच बघत होती.

"मामा, हा उतारावर पेटला होता आणि सपाटीवर थांबलो तसा विझला. बिघडलेला असता तर खड्ड्यातपण लुकलुकला असता ना?"

अंगणही सपाटच होते, हे सहदेवच्या ध्यानात आले असावे. त्याने डबीचे झाकण काढून आत बोट घातले. बोट जवळजवळ कोरडेच बाहेर आले. मग राहीला ब्रेक दाबायला सांगून तो डाव्या चाकाशी आडवा झाला. चाकामागची ब्रेकच्या तेलाची रबरी नळी चिऱ्याने कापली होती. दाबले की थेंब गळत होता.

"गाडी खाली जायची नाय," तो उठत म्हणाला.

"मुहूर्त टळंल रे!" तुळसा रडकुंडीला आली. "अर्धी वाट तर आलो."

"गाऱ्हाणं घातलंय," काका म्हणाले. "देव नेईल खाली. चल."

"गाऱ्हाणं घातलं म्हणूनच थांबलो, काका. थांबलो म्हणून बिघाड दिसला. आता देवानं आणखी काय करायचं?"

काकांनी नारळाकडे पाहिले आणि मान डोलावली. सहदेवने चाकाखाली दगड लावला आणि रस्त्यात उभे राहून हात केला. खाली जाणारी एस.टी. थांबली. भरलेल्या गाडीत लोकांनी उठून नवरीला जागा दिली. मुंडावळ्या सांभाळत राही चढली, पाठोपाठ तुळसा, बाया आणि काका चढले. राही खिडकीतून ओरडली, "मामा, तुझ्या गाडीचं राहिलंच!"

"परत येशील ना माहेरी, तेव्हा!" म्हणत तोही मागोमाग चढला. मामाशिवाय नवरीला बोहल्यावर कोण नेणार?

मी माळांसकट माथ्यावर एकटा राहिलो. दुपारी वाऱ्यावर खालून सनईचा सूर आल्यासारखे वाटले. खरा असेल किंवा नसेल.

बाबूने दुसऱ्या दिवशी वर येऊन नवी नळी बसवली आणि डबीवरचा डाग घासून काढला. काही दिवसांनी राही माहेरी आली ती मामाच्याच गाडीतून. माझ्यावर उरलेला गोंद तिने पदराने पुसला.

आता ती व्हॅन अंगणात गंजून उभी आहे आणि मी कायमचा विझलो आहे. मित्रांनो, पेटायची हौस कुठल्याच इशाऱ्याच्या दिव्याला नसते. विझलेले राहणे हेच आमचे सुख. म्हणून एखादा पेटलाच, तर त्याला झाकू नका. घटकाभर थांबा, आणि तो कुठे पेटतो, कुठे विझतो, तेवढे पाहा. तो चुकत असेलही. पण पाहिल्याशिवाय ते कसे कळणार?